हात ठरलेल्या कामात असले की सुचते, याला काही आधार आहे का?

खाडीकाठ (देवगड तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो आणि आमच्या वाडीच्या भजन मंडळासाठी गजर लिहितो. गणपतीला अवकाश असला, तरी शब्द आणि चाली मे महिन्यातच डोक्यात घोळू लागतात, आणि नेमके तेव्हाच घरी रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे, काम निघते. आई, काकू आणि मी पडवीत बसून रातांबे फोडतो. बी आणि गर पातेल्यात, साली सुपात. गराला मीठ लावून सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, उन्हात पसरायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा रसात आणि पुन्हा उन्हात. आमसुलांना काळपट जांभळा रंग चढेपर्यंत हेच चालते. वही घेऊन टेबलाशी बसलो असता जी ओळ तासन्तास जुळत नाही, ती या कामात कित्येकदा आपसूक जुळून येते, आणि संध्याकाळी पाठ धरली तरी मन स्वस्थ असते.

धाकट्या भावाचे म्हणणे असे, की रातांब्यांना मजुरीने माणसे लावावीत, काजू फोडायला यंत्र घ्यावे आणि वाचलेला वेळ मी लिहिण्याला द्यावा. त्याचा हिशेब चोख आहे, तरीही माझे मन तयार होत नाही. या अनुभवामागे खरोखर काही कारण आहे, की ही केवळ सुट्टीतली मोकळीक आहे?

सडा (रत्नागिरी)

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज विचारवंताने १९२६ मध्ये सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले: पूर्वतयारी, उबवण, स्फुरण आणि पडताळणी. यातल्या उबवणीच्या काळात माणूस प्रश्न बाजूला ठेवून दुसरे काही करत असतो. ते दुसरे काम कसे असावे, याचा शोध कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी घेतला आणि त्यांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या वापरातल्या एखाद्या वस्तूचे जितके वेगळे उपयोग सुचतील तितके लिहा, असे सांगून मध्ये १२ मिनिटांचा खंड ठेवला होता. त्या वेळात एका गटाला अवघड काम दिले, दुसऱ्याला अगदी सोपे, तिसऱ्याला नुसते बसवले, आणि चौथ्याला खंडच दिला नाही. पुन्हा त्याच वस्तूंकडे वळल्यावर सोपे काम केलेल्या गटाची प्रगती सर्वांत जास्त, सुमारे ४० टक्के, दिसली. नुसते बसलेल्यांना तेवढा लाभ झाला नाही, हे मला विशेष वाटते.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही प्रगती आधी पाहिलेल्या वस्तूंपुरतीच होती. नव्या वस्तू दिल्या तेव्हा फरक दिसला नाही. म्हणजे आपण टेबलाशी घालवलेले ते तास वाया गेलेले नसतात. ओळ आधी तिथे अडलेली असते, म्हणूनच ती रातांब्यांपाशी सुटते. वही बाजूला ठेवून नुसतेच रातांबे फोडत राहिले, तर गजर तयार होईल असे मला वाटत नाही.

पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत दर वेळी हाच परिणाम मिळालेला नाही, म्हणून या एका आकड्यावर फार भार टाकू नये. मात्र स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांना २०१४ मध्ये असे आढळले, की कोऱ्या भिंतीसमोर यंत्राच्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालतानाही बसल्या जागेपेक्षा अधिक कल्पना सुचतात. बाहेर पाहण्यासारखे काही नसतानाही हे घडले, याचा अर्थ श्रेय केवळ निसर्गाचे नसावे. अंगवळणी पडलेल्या, लयीतल्या हालचालीचेही त्यात काही असावे.

वेंगुर्लेकर

वरचे विवेचन मला पटले, पण एक बाजू राहून जाते आहे. लग्नाआधी काही वर्षे मी एका काजू कारखान्यात होते. तेही सोपे आणि तेच ते काम. परंतु मजुरी किलोवर मिळायची आणि गर अख्खा निघाला नाही, तुकडा पडला, तर त्याची किंमत उतरायची. त्यामुळे मन कुठे भटकायला मोकळेच नसे. काजूच्या टरफलात कातडी जाळणारे तेल असते. ते बोटांना लागू नये म्हणून आम्ही हातांना गोडे तेल चोळत असू, तरी कातडी सोलवटायची. त्या वर्षांत मला काही सुचल्याचे आठवत नाही. आज मी घरी माडाच्या चुडतांचे (झावळ्यांचे) हीर काढून वाढवणी (खराटे) बांधते, सुरीने एकेक हीर साफ करते, मन भरले की उठते, आणि तेव्हा खरोखर शांत वाटते. काम तेवढेच साधे आहे. फरक आहे तो घाई कोणाची आणि उठायची मुभा कोणाला, यात.

जात्यावरच्या ओव्यांचा दाखला अशा चर्चेत हमखास येतो, म्हणून तेही लिहिते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आहेत, आणि ते धन अफाट आहे. पण त्या ओव्यांमध्ये सासुरवास आणि दळणाचे कष्टही आहेत. पहाटेच्या वेळी जात्याशी बसलेल्या बाईला मन मोकळे करायला तेवढीच जागा होती. गावात गिरणी आली तेव्हा दळण गेल्याचे दुःख आमच्या आजीला झाले नव्हते.

तेव्हा काजू फोडायला यंत्र जरूर घ्यावे. रातांब्यांचे काम आपल्या आईला आणि काकूंनाही तितकेच सुखाचे वाटते का, हे त्यांना एकदा विचारावे, कारण सुट्टी संपल्यावर आपण शाळेत जाल आणि उरलेले रातांबे त्यांच्याच पुढ्यात असतील.

माचवा (हर्णै)

आमचा मासेमारीचा धंदा आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या वर काढलेल्या असतात आणि जाळी सांधण्याचे काम चालते. माझा अनुभव थोडा निराळा आहे. फाटलेल्या जागी आधी तुटके धागे कापून कड नीट करावी लागते आणि कोणत्या गाठीपासून सुरुवात करायची ते ठरवावे लागते. तिथे चुकले तर शेवटी जाळ्याचे डोळे जुळत नाहीत आणि सगळे उसवावे लागते. एवढा वेळ दुसरा विचार मनात येऊच शकत नाही. एकदा सुरुवात बसली, की सुई आपोआप फिरते आणि मन सुटते. मला कविता वगैरे सुचत नाही, पण कर्जाची किंवा इंजिनाची जी काळजी रात्री झोपू देत नाही, तिचा विचार जाळ्यापाशी शांतपणे करता येतो. माझ्यासाठी तेवढे पुष्कळ आहे.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. वेंगुर्लेकर ताईंच्या सूचनेप्रमाणे मी आज दोघींना विचारले. काकूंना हे काम हवे आहे, कारण त्यांच्या माहेरच्या आठवणी आणि गावच्या गप्पा तिथेच होतात. आईला मात्र गुडघ्यांमुळे जमिनीवर बसणे नकोसे झाले आहे आणि तिने ते आजवर कोणाला सांगितले नव्हते. यंदा एक बाई मदतीला बोलावून आईला सुटी द्यायची, काजूंसाठी यंत्र घ्यायचे आणि मी काकूंबरोबर रातांबे फोडायचे, असे ठरले आहे. हात रसाने माखलेले असताना सुचलेली ओळ टिपायची कशी, हा प्रश्न राहतो.

सडा (रत्नागिरी)

ती ओळ काकूंना मोठ्याने म्हणून दाखवा. गजर शेवटी तोंडानेच म्हणायचा असतो. जिभेवर अडखळत असेल, तर त्या तिथल्या तिथे सांगतील.