मदत हवी आहे: ड्रॉप-सीसाठी (सगळ्या तारा उतरवून सर्वांत जाड तार सी सुरावर) गिटारचा नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, नीट कापणारं ठाण्यात कोण?

पोस्ट-हार्डकोर (पंकमधून निघालेला रॉकचा प्रकार) म्हणजे नुसती आरडाओरड, हा समज एका अल्बमने पार मोडला. किंचाळण्याआड चक्क रडवेल्या चाली निघाल्या! आता त्या वाजवायच्या आहेत. गिटार साडेपंचवीस इंच स्केलची (तारेची वाजणारी लांबी), तारा ९-४२ (सर्वांत बारीक ते सर्वांत जाड, इंचाच्या हजाराव्या भागात). ड्रॉप-सीला जाड तार इतकी सैल पडते की पहिल्या तीन फ्रेटवर खडखडते, आणि पिक जोरात बसला की सूर आधी चढतो, मग खाली येतो. उपाय ११-५४चा संच. पण ५४ची तार नटच्या खाचेत उतरत नाही, वरच अडकते. खाच रुंद हवी, खोल नको. खोल गेली की मोकळी तारही खडखडणार. ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) घरी जमेल, नटची कानस मात्र नाही. नौपाडा, घोडबंदर किंवा वाशीत कोणी खात्रीचं? मजुरी साधारण किती?