न्यूरोब्लास्टोमाला कार-टी सेल थेरपी चालते का?

भाचीचा मामा, नाशिक
नमस्कार मंडळी, माझी भाची साडेचार वर्षांची आहे, हाय-रिस्क न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांना होणारा मज्जातंतूंच्या पेशींचा कॅन्सर). केमो, ऑपरेशन, ट्रान्सप्लांट सगळं झालं आणि आता एमआयबीजी स्कॅनमध्ये (हा कॅन्सर शोधणारा स्कॅन) परत मांडीच्या हाडात दिसतंय, ताई-दाजी पार खचलेत. नातेवाईक रोज आयआयटी मुंबईच्या कार-टीची बातमी पाठवतात की आता भारतातच मिळते म्हणून. हिला देता येईल का? माहिती असेल तर सांगा प्लीज.

पेडियाट्रिक ऑन्को नर्स
दादा, कार-टी म्हणजे पेशंटच्याच टी-सेल (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्यांना कॅन्सर ओळखेल असं बदलून परत देणं. ती बातमी नेक्सकार19 या भारतातल्या कार-टीची. ऑक्टोबर 2023 ला मंजुरी मिळाली, पण ती सीडी19 ही खूण अंगावर असलेल्या पेशींनाच धरते म्हणजे ठराविक ल्युकेमिया-लिम्फोमा, आणि ती मंजुरी 15 वर्षं व त्यापुढच्या पेशंटसाठी होती. न्यूरोब्लास्टोमावर सीडी19 नसतो, जीडी2 ही वेगळी खूण असते. जीडी2 ची कार-टी रोमच्या बांबिनो जेसू हॉस्पिटलने 27 मुलांना दिली, 2023 ला निकाल छापून आले, 17 जणांना प्रतिसाद मिळाला आणि त्यातल्या 9 जणांत आजार दिसेनासा झाला. बाकीचे उपचार करून झालेली मुलं होती ही, म्हणून मला हे खूप मोठं वाटतं. आजार थोडा होता त्यांना जास्त फायदा झाला, तेव्हा विचारायचं तर आत्ताच विचारा.

आदिची आई
ताई, पण ब्लड कॅन्सरला एवढी चालते मग गाठीला का नाही?

पेडियाट्रिक ऑन्को नर्स
रक्तात टी-सेलला शत्रू लगेच सापडतो. गाठीत आधी आत शिरायचं, तिथलं वातावरण त्यांना दाबून टाकतं, त्या लवकर थकतात, शिवाय गाठीतल्या सगळ्या पेशींवर तो जीडी2 सारखा नसतोही. तरी अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जुन्या ट्रायलमधली (नव्या उपचाराची चाचणी) एक पेशंट लहानपणी ही थेरपी घेऊन 18 वर्षांहून जास्त काळ आजारमुक्त आहे, हे 2025 मध्ये प्रसिद्ध झालंय.

भाचीचा मामा, नाशिक
खूप आभार ताई. मग घर विकून रोमला न्यायचं का? दाजी तयार आहेत.

पेडियाट्रिक ऑन्को नर्स
नाही हो, एवढ्यात काही विकू नका!! ही अजून ट्रायल आहे, त्यांच्या अटीत बाळ बसतं का ते आधी कळू दे. तुमच्या डॉक्टरांनाच ट्रायलच्या टीमला मेल करायला सांगा, सोबत स्कॅन, बोन मॅरो रिपोर्ट, आधीच्या औषधांची यादी. पुढच्या केमोआधी टी-सेल काढून ठेवायच्या का तेही विचारा, कारण केमोने त्या कमी होतात. आणि जीडी2 वरचं अँटिबॉडीचं औषध आहे, डिनुटुक्सिमॅब, ते तिला मिळालंय का?

भाचीचा मामा, नाशिक
नाही मिळालं. सोमवारी ओपीडी आहे, फाइल घेऊन मी स्वतः जातो.