मदत हवी आहे: रोड बाईक हिवाळ्यासाठी तयार करायचीये, टायर कोणते घेऊ?

घाईतला_सायकलस्वार:
नमस्कार मंडळी. थंडी सुरू झालीये आणि काहीही झालं तरी यंदा रोड बाईक झाकून ठेवायची नाही असं ठरवलंय. मागच्या हिवाळ्यात दोनदा पडलो, दोन्ही वेळा सकाळी. तर टायर कोणते घेऊ एवढंच सांगा. नेटवर वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय, प्रत्येक जण वेगळंच काहीतरी म्हणतो. शनिवारपर्यंत ऑर्डर टाकायचीये, जरा लवकर. आगाऊ धन्यवाद.

चेनपुसे:
रिम ब्रेक की डिस्क? आत्ता टायर किती मिमीचे? आणि थंडी म्हणजे नुसती थंडी, ओला रस्ता की बर्फ? हे कळल्याशिवाय कोण काय डोंबल सांगणार?

घाईतला_सायकलस्वार:
साधी रोड बाईक आहे हो. नेहमीचे टायर. बर्फ कधीतरी पडतो पण रस्ते साफ करतात.

चेनपुसे:
"नेहमीचे" असा साइज नसतो साहेब. टायरच्या कडेला ७०० x काहीतरी छापलेलं असेल ते वाचा. साफ करतात म्हणजे बर्फ वितळायला मीठ टाकतात का?

उशिरा_उठणारा:
कशाला जीव धोक्यात घालताय, घरात ट्रेनर लावा, म्हणजे सायकल एका जागी चालवायचा स्टँड. मी दोन वर्षं झाली बाहेर पडलोच नाही थंडीत. पंखा मात्र समोर ठेवा, घामाने हेडसेटचे (हँडलखालच्या बेअरिंगचे) बोल्ट गंजतात.

घाईतला_सायकलस्वार:
ट्रेनर नकोय, प्रश्न टायरचा आहे. ७०० x २३. रिम ब्रेक. हो, मीठ टाकतात. हवा १२० पीएसआय भरतो, टायरवर तेवढीच लिहिलीये.

चेनपुसे:
अहो ती कमाल मर्यादा आहे, तिच्यावर जाऊ नका एवढाच तिचा अर्थ. २३ च्या टायरमध्ये १२० म्हणजे दगड, ओल्या रस्त्यावर बारीकसारीक खड्ड्यालाही उडतो आणि उडाला की पकड गेली. आजच ९०-९५ वर आणून बघा, फुकट काम आहे. तुमचं वजन जास्त असेल तर थोडी वर ठेवा, नाहीतर खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर.

खिळेबाज:
हवा कमी करून काय होणार? सकाळी पडले म्हणजे काळा बर्फच असणार. डांबराला चिकटलेला पारदर्शक थर, दिसतसुद्धा नाही. त्यावर २३ पण घसरतो आणि ४० पण. खिळ्यांचे टायर घ्या, टंग्स्टन कार्बाइडचे दाणे असलेले, साधे स्टीलचे डांबरावर लवकर झिजतात. मी तीन हिवाळे चालवतोय, एकदाही पडलो नाही.

चेनपुसे:
@खिळेबाज, रोडचे खिळेवाले टायर साधारण ३० मिमीपासून सुरू होतात. २३ वाल्या रिम ब्रेकच्या फ्रेममध्ये तो बसवून दाखवा, मग बोलू.

खिळेबाज:
फ्रेम बदला मग. सुरक्षा महत्त्वाची की फ्रेम?

मेणवाला:
टायर राहू द्या, मीठ आहे तर चेनचं काय ते बोला आधी. गरम वॅक्स करा, चेन एकदम स्वच्छ राहते.

चेनपुसे:
ओल्या रस्त्यावर? मेणाची चेन भिजली आणि रात्रभर तशीच राहिली की सकाळी नारिंगी. हिवाळ्यात वेट ल्यूब (ओल्या रस्त्यासाठीचं चेनचं तेल), थेंब थेंब टाकून वरचं पुसून काढायचं. आणि फेरी झाली की मीठ साध्या पाण्याने धुवायचं, प्रेशर वॉशरने नाही, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं.

मेणवाला:
पुसून कोरडी करायचा आळस असेल तर मेणाला दोष देऊ नका.

घाईतला_सायकलस्वार:
अहो टायर!!

मडगार्डप्रेमी:
आधी जागा मोजा. ॲलन कीचा (मिमीच्या मापाच्या षटकोनी चाव्यांचा) जुडगा घ्या आणि टायर आणि ब्रेकच्या मधल्या फटीत कुठली की सरकते बघा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. टायर रुंद झाला की तेवढाच उंचही होतो, हे लोक विसरतात. निदान ४ मिमी तरी मोकळी राहू द्या. मडगार्ड लावाच, मागच्या चाकाचं पाणी पाठीवर आलं की अर्ध्या तासात गारठता. आणि रिमवरची झीज दाखवणारी खाच बघा. थंडीत वाळू ब्रेकच्या रबरात अडकून रिम खाते, खाच दिसेनाशी झाली असेल तर टायरच्या आधी रिम बदला.

घाईतला_सायकलस्वार:
मोजलं. पुढे मागे ६ ची जाते, ८ ची नाही. खाच दिसतेय.

मडगार्डप्रेमी:
मग २५ पर्यंतच जा, २८ चा विचार सोडा. पूर्ण मडगार्ड ब्रेकखालून जाणार नाही, क्लिपवाले घ्या.

गरम_पाय:
अवांतर: घट्ट बुटात दोन मोजे घालू नका, रक्त पोचत नाही आणि बोटं जास्तच गार पडतात. शून्य अंशाला ताशी २५ किमी वेगाने वारा लागला की अंगाला उणे ६ सारखं वाटतं, वारा अडवा आधी.

घाईतला_सायकलस्वार:
ओके, २५ घेतो. पण पडण्याचं कारण टायर नसेल का मग? पहिल्यांदा पडलो तेव्हा वळणावर पेडल मारलं तर पाय एकदम रिकामाच गेला, चेन फिरतेय चाक फिरत नाही. नंतर दहा मिनिटांनी आपोआप ठीक. नवीन ग्रीस भरलं होतं आदल्याच आठवड्यात.

चेनपुसे:
हे आत्ता सांगताय?! चाळीस प्रतिसाद टायरवर गेले असते. मागच्या चाकाच्या हबमधले कुत्रे, म्हणजे चेनचा जोर चाकाला देणारे बारीक दाते, चिकटलेत. बेअरिंगचं जाड ग्रीस तिथे भरलं असणार, थंडीत ते घट्ट होतं, कुत्र्यांच्या बारीक स्प्रिंगला त्यांना बाहेर ढकलता येत नाही. जाड ग्रीस पुसून पातळ तेल किंवा फ्रीहबचं (हबचा हाच कुत्र्यांचा भाग) हलकं ग्रीस लावा.

रात्रपाळी:
कुत्र्यांचा त्रास मलाही आहे. मागे लागले तर पळवू नका सायकल, खाली उतरा आणि सायकल मध्ये धरा. बहुतेक वेळा ते थांबतात.

मेणवाला:
😂😂

खिळेबाज:
दुसऱ्यांदा मात्र काळा बर्फच होता, लिहून घ्या.

घाईतला_सायकलस्वार:
दुसऱ्यांदा बर्फ होता, कबूल. तशा सकाळी बसने जाईन. हब आज रात्री उघडतो, कसा उघडू तेवढं सांगा.

चेनपुसे:
कुठल्या कंपनीचा आहे त्यावर आहे. काही नुसते ओढून निघतात, काही आतून उघडतच नाहीत, अख्खा फ्रीहब बदलावा लागतो. हब कुठला आहे?

घाईतला_सायकलस्वार:
नेहमीचाच.