गोटा-मुरूमाची खाण सुरू व्हायच्या आधी जमिनीचा पुरातत्व सर्व्हे कोण करतं?

प्रवराकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव प्रवरेच्या काठावर, तालुका मुद्दाम सांगत नाही. गावाच्या खालच्या अंगाला गायरान आहे, रस्त्याच्या कामासाठी तिथून गोटा आणि मुरूम काढायची परवानगी मागितलीये असं कळलं. त्या जागेला म्हातारी माणसं पांढर (जुन्या वस्तीची जागा) म्हणतात, पाऊस पडून गेला की खापरं उघडी पडतात, लाल रंग आणि वर काळ्या रेघा, एका तुकड्याला तोटी पण आहे. आणि खाली ओढ्याच्या दरडीत जिथं गोट्याचा थर दिसतो तिथं तळहाताएवढा दगड सापडला, दोन्ही बाजूंनी टवके काढलेला, बदामासारखा आकार. एका साहेबांना दाखवलं तर म्हणाले जागा संरक्षित यादीत नाही, मग अडचण काय? जेसीबी यायच्या आधी कुणी येऊन बघतं का, की आपणच काही करायचं असतं?

मातीचे_थर:
दादा, आधी खापराचं सांगते. पुण्यात पुरातत्व शिकले म्हणून थोडंफार कळतं. लाल-नारिंगी, वर काळं रंगकाम, तोटीवाला तांब्या, आणि दगडावर हलकं आपटलं की धातूसारखा टणटण आवाज, असं असेल तर जोर्वे संस्कृतीचं (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या जुन्या शेतकऱ्यांचं) असू शकतं, म्हणजे साधारण इसपू १४०० ते १००० च्या आसपासचं. जोर्वे गाव तुमच्याच नदीवर, दायमाबादही तिथंच. दायमाबादला १९७४ साली झुडपाचं मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला तांब्या-ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले होते हे लक्षात ठेवा. पोकलेनचं बकेट गेलं असतं तर?

आता कायद्याचं. साहेब म्हणाले ते कागदावर खरंय. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी घ्यावी लागते, हा नियम खाणकामालाही आहे पण तो फक्त केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांना. देशभरात अशी ३,६०० च्या वर आहेत, आणि तुमच्यासारख्या पांढरी गावोगाव आहेत, त्यातल्या बहुतेक कुठल्याच यादीत नाहीत. म्हणून "यादीत नाही" याचा अर्थ "तिथं काही नाही" असा होत नाही, तिथं अजून कुणी चालून बघितलं नाही एवढाच होतो. माझा सगळा राग इथंच आहे.

आणि तुमच्याकडं नुकसान दोनदा होणार. गोट्यापर्यंत पोचायला आधी वरची माती बाजूला सारतात, त्यात वस्ती जाते. इनामगावला, म्हणजे जोर्वे काळातल्याच एका वस्तीत, घराच्या जमिनीखाली लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेलं सापडलंय, मशीनला ते कळणारसुद्धा नाही. मग खालचा गोटा निघतो आणि तुमचा तो दगड जर हातकुऱ्हाड (अश्मयुगातलं दगडी हत्यार) असेल तर ती त्याच थरातली. नेवाशाजवळ चिरकीला १९६६ ते ६९ मध्ये गुडरुन कॉर्विनस यांनी खोदकाम केलं ते अशाच हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेच्या दगडी हत्यारांसाठी.

क्रशरवाला_भाऊ:
मी या धंद्यातला आहे म्हणून स्पष्ट बोलतो. रॉयल्टी भरलेली, पोकलेन भाड्याचं, डंपर लाइनीत उभे, अशात कुणी काम थांबवलं तर रोजचं नुकसान कोण देणार? याच भीतीनं माणसं काही सापडलं तरी बोलत नाहीत, मडकं निघालं की ढिगाऱ्यात जातं, मी बघितलंय आणि ते मला आवडलेलं नाही. आधीच कुणी सांगितलं की या कोपऱ्यात हात लावू नका तर आम्ही दुसरीकडून उचलू, गोटा काय तिथंच आहे का? पण ते परवानगीच्या आधी सांगा, मशीन उतरल्यावर नको.

लीड्सहून_मंदार:
भाऊ तुम्ही बोललात तीच गोष्ट इंग्लंडात १९९० पासून चालते. त्या वर्षी सरकारनं नियोजनाचे नवे नियम आणले, त्यानंतर जमिनीखाली काय आहे हे परवानगीच्या आधी बघायचं आणि खर्च खाणवाल्यानं करायचा अशी पद्धत बसली. आधी जुने नकाशे आणि विमानातून काढलेले फोटो बघतात (गोट्याच्या जमिनीत कोरड्या उन्हाळ्यात जुन्या, बुजलेल्या चरांवरचं पीक जास्त हिरवं राहतं, वरून गोल नि चौकोन स्पष्ट दिसतात), मग नांगरलेल्या शेतातून रांगेनं चालत जातात, मग मॅग्नेटोमीटर (जमिनीतल्या चुंबकत्वाचे बारीक फरक टिपणारं यंत्र), मग ठरावीक अंतरावर थोडे चर खणून बघतात. वरची माती काढताना सुद्धा पोकलेनला दात नसलेलं रुंद बकेट लावतात आणि पुरातत्ववाला शेजारी उभा असतो, जमिनीत काळा डाग दिसला की हात वर करून मशीन थांबवतो. तरी सगळं गोड नाही. माझ्यापासून जवळ थॉर्नबरोला मातीच्या बांधांची तीन प्रचंड वर्तुळं आहेत, साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची, त्यांच्या आजूबाजूची बरीच जमीन गोट्याच्या खाणीत गेली आणि लोक वर्षानुवर्षं भांडले. २०२३ मध्ये त्यातली दोन वर्तुळं सरकारी संस्थेच्या ताब्यात आली आणि पुढच्या वर्षी तिसरं.

प्रवराकाठ:
ताई, मंदार, भाऊ, मनापासून आभार. भाऊंचं पटलं, परवानगी निघायच्या आतच हलायला पाहिजे. मग अर्ज कुणाला करू? आणि खापरं गोळा करून शाळेत ठेवू का?

मातीचे_थर:
गोळा नका करू दादा, कुठं पडलंय यालाच किंमत असते. पाच-सहा ठिकाणी खापराशेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाईलवरून लोकेशन घ्या, दरडीचा एक फोटो लांबून आणि एक जवळून, त्यात काळी माती कुठं संपते आणि गोटा कुठं सुरू होतो ते दिसलं पाहिजे. अर्ज राज्याच्या पुरातत्व संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या सहायक संचालकांना, प्रत कलेक्टर आणि खनिकर्म अधिकाऱ्यांना, सोबत गट नंबर, सातबारा आणि ग्रामसभेचा ठराव. पोच घ्या. अर्जात १८७८ च्या निखात निधी कायद्याचा उल्लेख करा, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वर किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, म्हणजे उद्या मशीनवाल्याला "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येणार नाही. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्व विभागालाही तेच फोटो मेल करा. आणि तो बदामाच्या आकाराचा दगड धुवू नका, कुठून उचलला ती जागा आजच कागदावर लिहून चिठ्ठी त्याच्यासोबत पिशवीत ठेवा.

क्रशरवाला_भाऊ:
ठेकेदाराला पण एक प्रत द्या, हातोहात. त्याला आधी कळलं तर तो नकाशात तेवढा तुकडा सोडायला तयार होईल, आमच्याकडं एका देवळाजवळ तसंच केलं होतं.