मदत हवी आहे: घूस चापात सापडत नाही

करवीर तालुक्यात पंचगंगेकाठी आमचा भुईमूग आहे, लागूनच ऊस. शेंगा भरायला लागल्यापासून बांधाकडेची झाडं रात्रीत उकरलेली दिसतात. बिळं मोठी, तोंडाशी मातीचे ढीग, म्हणजे घूसच असणार. खारीही थोड्या शेंगा नेतात, नेऊ देत, त्यांना मारायचं नाही. त्या दिवसाच फिरतात, म्हणून स्प्रिंगचे चाप अंधार पडल्यावर लावतो आणि उजाडायच्या आत उचलतो.

या चापांत उंदीर मिळतात. घूस मात्र चाप उडवून वरचं सुकं बोंबील घेऊन पसार! पिंजऱ्याकडे ती फिरकत नाही. बिळं बुजवली की सकाळी परत उघडी. झिंक फॉस्फाईडचं विषारी आमिष नको. वस्तीवर कुत्री-कोंबड्या आहेत, शिवाय थोडं खाऊन वाचलेली घूस त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही.

लक्ष्मीपुरीत विचारलं तर घरगुती उंदरांचेच लाकडी चाप दाखवले. घुशीला पुरेल असा दणकट लोखंडी चाप कोल्हापुरात कुठं मिळेल? तो बिळाच्या तोंडाशी लावायचा की तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर? आणि कुत्र्याचा पाय अडकू नये म्हणून वरून काय झाकता?