मदत हवी आहे: बायपासनंतर बाबा एक्मोवर आहेत, कोणाला अनुभव आहे का?

परळकर_७ (बुधवार, रात्री १:४०)
कोणी जागं असेल तर प्लीज सांगा. बाबांचं बायपास झालं आणि आता ते एक्मोवर आहेत, म्हणजे रक्त बाहेर काढून हार्ट-फुप्फुसाचं काम करणारं मशीन. डॉक्टर म्हणतायत अजून दोन-तीन दिवस बघू, बिलिंगवाले परत डिपॉझिट मागतायत आणि काका म्हणतात मशीनवर ठेवून हाल कशाला करायचे. एक्मोवरून माणूस परत येतो का? एवढंच सांगा.

नीता_ठाणे
धीर धरा हो. माझ्या दिरांना २०२१ ला कोविडमध्ये एक्मो लावलं होतं, १९ दिवस, फुप्फुसं पार गेली होती. आज स्वतः स्कूटर चालवतात. काकांचं अजिबात ऐकू नका.

सह्याद्री_मी
वय काय? एक्मो कधी लावलं, का लावलं? हार्ट बंद पडलं होतं का, किती वेळ? काहीच लिहिलं नाहीये, कोण काय सांगणार?

मनमोकळा
मुळात बायपास का केलं? आमच्या साहेबांना तीन स्टेंट टाकले, चौथ्या दिवशी ऑफिसला. सेकंड ओपिनियन घेतलं होतं का?

परळकर_७
आता ते विचारून काय होणार. वय ६३, शुगर आहे. सोमवारी ऑपरेशन, मंगळवारी पहाटे आयसीयूतच हार्ट बंद पडलं. आम्ही बाहेर बाकड्यावर, नुसती धावपळ दिसत होती. नंतर कळलं की छाती तिथेच बेडवर परत उघडली, थिएटरलासुद्धा नेलं नाही. हे बरोबर केलं का?

नाईट_ड्युटी
परफ्युजनिस्ट आहे, रोज हेच मशीन सांभाळतो. बरोबरच केलं. हार्ट सर्जरीनंतर असं झालं आणि शॉक किंवा पेसिंगने (तारांतून बारीक करंट देऊन ठोके चालवणं) लगेच परत आलं नाही, तर पाच मिनिटांच्या आत छाती उघडायची असं २०१७ च्या अमेरिकन सर्जन सोसायटीच्या सूचनांतच आहे, कारण बऱ्याचदा आत रक्त साठून हार्ट दाबलं गेलेलं असतं आणि ते बाहेरून छाती दाबून सुटत नाही. थिएटरपर्यंत न्यायला तेवढा वेळ नसतो.
नीताताई, दिरांचं ऐकून बरं वाटलं, पण कोविडमध्ये बहुतेकांना व्हीव्ही लावायचे, फक्त फुप्फुसाचं काम. यांचं व्हीए असणार, शिरेतून रक्त घेऊन धमनीत सोडतं, म्हणजे हार्टचं कामही पंपच करतोय. दोन्हीचा हिशोब वेगळा. खरं सांगायचं तर हार्टसाठी लावलेल्या मोठ्या माणसांत निम्म्याहून कमी घरी जातात, आणि सीपीआर चालू असतानाच लावावं लागलं तर साधारण तिघांत एक. पण येतात, मी स्वतः नळ्या काढून दिल्यात.

विलास_गिरगाव
एवढं महागडं एक्मो कशाला? सासऱ्यांना नुसता बलून टाकला होता, दोन दिवसांत उतरवला. बलूनच मागा.

नाईट_ड्युटी
हा बलून महाधमनीत फुगत-मिटत हार्टच्या ठोक्याला हातभार लावतो. ठोकाच नसेल तर हातभार कशाला लावणार? कधीकधी एक्मोबरोबर बलूनही ठेवतात, डावा कप्पा फुगू नये म्हणून. पण एक्मोच्या ऐवजी नाही.

विलास_गिरगाव
तुम्ही मशीनवाले, मशीनचीच बाजू घेणार.

जुना_केईएमवाला
परळ वाचून राहवलं नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत इथल्याच केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हार्ट ट्रान्सप्लांट केलं, पेशंट काही तासच जगला, पण ती हिंमत बघा! तेव्हा मी...

सह्याद्री_मी
काका, त्यावर वेगळा धागा काढा ना. इथे माणूस अडकलाय.

शुभांगी_वरळी
डिपॉझिटचं कोणी बोललंच नाही. हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन सोशल वर्करला भेटा, दाद दिली नाही तर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस वरळीलाच आहे.

परळकर_७
बघतो ताई. आत्ता पाच मिनिटं आत सोडलं होतं. मांडीतून दोन नळ्या, एक काळपट, एक लालभडक. मॉनिटरवर बीपीची रेघ जवळजवळ सपाट, बघून पोटात गोळा आला, पण सिस्टर म्हणाल्या पंप सलग ढकलतो म्हणून तशी दिसते. पायाला हात लावला तर उजवा गार लागला, डावा ठीक. एसी आहे म्हणून असेल.

नाईट_ड्युटी
एसी असता तर दोन्ही गार लागले असते. नळ्या उजव्या मांडीत आहेत का? आत्ताच्या आत्ता जाऊन सिस्टरना सांगा, सकाळची वाट बघू नका. जाड नळीमुळे पायाकडे जाणारं रक्त अडू शकतं.

सह्याद्री_मी
काय झालं? लिहा हो.

परळकर_७ (पहाटे ४:५५)
सांगितलं. डॉप्लर (पायातला रक्तप्रवाह तपासायचं यंत्र) लावला, सर्जन खाली आले, त्याच पायात खालच्या बाजूला आणखी एक बारीक नळी टाकली. आता परत हात लावून आलो, कोमट आहे. दादा, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. ११ वाजता इको आहे, मशीनचा फ्लो कमी करून बघणार म्हणतायत. काय विचारू त्यांना?

नाईट_ड्युटी
फ्लो कमी केल्यावर हार्ट स्वतः किती उचलतंय ते विचारा. लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडलं की रक्तात वाढतं ते) उतरतंय का, लघवी होतेय का, आणि झोपेचं औषध थांबवल्यावर डोळे उघडले का, हात दाबला का. काकांच्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्यात आहे, मेंदू शाबूत असेल तर आणखी चार दिवस थांबण्यात अर्थ आहे. रक्त पातळ ठेवायला हेपरिन चालू असणार, त्यामुळे रक्त आणि प्लेटलेट भरपूर लागतील, डोनर आत्तापासून बघा.

परळकर_७
काल औषध कमी केलं तेव्हा आईने हाक मारली तर भुवया हलल्या, सिस्टरनीही बघितलं. डोनर चार हवेत, बी पॉझिटिव्ह.

विलास_गिरगाव
मी बी पॉझिटिव्ह. सात वाजता निघतो, मुलालाही आणतो. व्यनि (खाजगी मेसेज) केलाय, हॉस्पिटल आणि रक्तपेढी कुठल्या मजल्यावर आहे ते कळवा.