उत्तरायण नक्की कधी सुरू होतं? २२ डिसेंबर की १४ जानेवारी?

सायली_ठाणे:
मुलांच्या मासिकासाठी ऋतू कसे होतात या इंग्रजी लेखाचं मराठी करतेय. "२२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरायण सुरू होतं" असं लिहिलं तर संपादकांनी लाल खूण करून परत पाठवलं, म्हणे उत्तरायण संक्रांतीला, लोकांचे फोन येतील. मी तर भूगोलात डिसेंबरच शिकलेय. आणि पृथ्वीचा अक्ष झुकलेला, कललेला की तिरपा? मुलांना काय पटकन कळेल?

निरभ्र:
डिसेंबरच, प्रश्नच नाही. अयन म्हणजे जाणं. डिसेंबरात सूर्य मकरवृत्ताच्या डोक्यावर येतो आणि तिथून उत्तरेकडे सरकायला लागतो, तेच उत्तरायण. संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेल्या, मकर राशीत प्रवेश. साधारण १७०० वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी यायचं म्हणून नाव चिकटलं. पण पृथ्वीचा आस, म्हणजे तुमचा अक्ष, भोवऱ्यासारखा घुमतो, एक फेरी जवळजवळ २६००० वर्षांची, त्यामुळे संक्रांत ७०-७२ वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, तेव्हा त्या दिवशी संक्रांत होती! पुढे ती फेब्रुवारीत गेली की तेव्हाही त्यालाच उत्तरायण म्हणणार का?

कोकणी_मेवा:
आमच्या घरी टिळक पंचांग, संक्रांत १० जानेवारीला. लहानपणी शेजारी तीळगूळ द्यायला यायचे तेव्हा आमचे संपलेले असायचे. म्हणजे पंचांगवाल्यांचंही आपसात जमत नाही, मग संपादक कुठल्या संक्रांतीचं म्हणतायत?

वसुधा_डोंबिवली:
निरभ्र, तुमचं गणित बरोबर असेल पण आमच्या आज्या "संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो" म्हणायच्या ते उगाच नाही. मी सकाळच्या लोकलने जाते, प्लॅटफॉर्मवरून सूर्य दिसतो. २२ डिसेंबरनंतर तो लवकर उगवायला हवा ना? उलट जानेवारीच्या मध्यापर्यंत अजून पाचसात मिनिटं उशिराच उगवतो आणि मग कुठे मागे यायला लागतो. ज्यांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा त्यांना बदल जाणवायचा तो संक्रांतीच्याच सुमारास. शब्द वापरणाऱ्यांचा असतो, दुर्बिणवाल्यांचा नाही.

निरभ्र:
वसुधाताई, निरीक्षण एकदम खरं आहे. घड्याळाचा दिवस ठरीव २४ तासांचा, पण त्या दिवसांत सूर्याचा माध्यान्ह ते माध्यान्ह काळ काही सेकंदांनी जास्त भरतो, त्यामुळे अख्खा दिवसच घड्याळात पुढे ढकलला जातो. पण मग संध्याकाळ बघा, सूर्यास्त नोव्हेंबर अखेरपासूनच उशिरा व्हायला लागलेला असतो. दिवसाची एकूण लांबी वाढते २२ डिसेंबरनंतरच. आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत (मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेली, १९५७ पासून लागू) १ पौष २२ डिसेंबरलाच धरलाय, तो याच हिशोबाने.

वसुधा_डोंबिवली:
ती दिनदर्शिका सरकारी कागदावर, घरात कोण बघतं? गुजरातीत तर सणाचंच नाव उत्तरायण आहे, त्यांना काय चूक म्हणून सांगणार?

सातारकर:
"झुकलेला" हिंदीतून आलेलं वाटतं, मुलांच्या तोंडी तेच असलं तरी मला पटत नाही. मराठीत भिंत कलते, सूर्य कलतो. "कललेला आस" लिहा. आमच्याकडे बैलगाडीच्या दोन चाकांमधल्या दांड्याला आस म्हणतात, गावाकडच्या पोराला लगेच कळेल.

मेलबर्नचा_मोरे:
"सूर्य कलतो" म्हणजे दुपार टळते, इथे घोटाळा होईल, "तिरपा"च बरा. आणि उत्तरायणाचं म्हणाल तर आमच्याकडे संक्रांत भर उन्हाळ्यात, काळी साडी नेसून बायकांची काहिली होते. इथे उत्तरायणात दिवस लहान होत जातो. तरी शब्द खोटा पडत नाही कारण सूर्य उत्तरेलाच सरकत असतो. ऊब नाही, दिशा सांगणारा शब्द आहे तो, म्हणून मी निरभ्र यांच्या बाजूचा.

पेरू_फोड:
मध्येच विचारतो, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून गरम होतं ना? मग अक्ष कशाला मध्ये?

निरभ्र:
नाही हो. जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४.७ कोटी किमी, आणि लांब जुलैच्या सुरुवातीला, १५.२ कोटी. आपण तर जानेवारीत स्वेटर घालतो. आस साडेतेवीस अंश तिरपा आहे आणि वर्षभर एकाच दिशेला रोखलेला असतो, म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे कलतो. मग किरण जास्त सरळ पडतात, तेवढंच ऊन कमी जागेत एकवटतं आणि दिवसही लांबतो. मुंबईत सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, लहान अकराचा. लंडनला तोच फरक साडेसोळा आणि आठाच्याही आत. म्हणून तिकडे ऋतू अंगावर येतात.

सायली_ठाणे:
"आस तिरपा" घेते. अजून एक अडलंय, मूळ लेखात "२१ जून, उन्हाळ्याचा पहिला दिवस" आहे. आपल्याकडे तेव्हा छत्री असते हातात!

सातारकर:
ते वाक्य काढूनच टाका. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळे सूर्य दोनदा डोक्यावर येतो. पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यात, नागपूरला मे अखेर. नंतर तो अजून उत्तरेला जातो पण तोवर ढग आलेले असतात. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा हेच आपले खरे, ग्रीष्म-वर्षा-शरद वगैरे पुस्तकातले.

कोकणी_मेवा:
पुस्तकातले कसे? शरदाचं चांदणं कोकणात येऊन बघा. सहाच्या सहा ऋतू आहेत आणि मुलांना सहाही शिकवा.

सातारकर:
चांदणं असेल, पण पेरणी मृगाला बघूनच. ७-८ जूनला मृग लागतो, मृगाचे किडे दिसले की माणूस तिफण काढतो.

निरभ्र:
आणि तो मृगही निरयन, सातारकर! संक्रांतीसारखाच तोही पुढे सरकतोय, पाऊस मात्र सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्याशी बांधलेला. काही शतकांनी मृग लागायच्या आधीच पाऊस पडून गेलेला असेल.

सातारकर:
पडू दे, त्याला आम्ही रोहिणीचा पाऊस म्हणू, तसंही आज म्हणतोच.

वसुधा_डोंबिवली:
बघा, लोक शब्द कसा सांभाळून घेतात! सायली, तू संक्रांतच लिही.